शेजारचा इस्तो

रेडिओवरच्या बाईनं ‘अत्यावश्यक सेवा’ हे शब्द उच्चारले तेव्हा सत्यशीलेची वेणी अर्धी गुंफून झाली होती. रेडिओ समोरच्या धोंडबाचा. धोंडबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीवर होता, आणि रात्रपाळीहून आला की नागपूर केंद्र लावून दाराशी दात घासत बसायचा. कॅम्प-एकमधल्या घरांच्या त्या अख्ख्या ओळीला जगाच्या बातम्या मिळायच्या त्या त्याच्या राखुंडीच्या वेळेला. बाई सांगत होती की उद्याचा केंद्र सरकारी नोकरांचा संप सरकारनं बेकायदा ठरवला आहे. रेल्वे, टपाल, तार, टेलिफोन या सगळ्या अत्यावश्यक सेवा आहेत आणि जो कामावर येणार नाही त्याला वॉरंटाशिवाय अटक होऊ शकेल. आवाज शांत होता, धानाच्या पिकाचा अंदाज सांगावा तसा. सत्यशीलेच्या बोटांत तीन पेड तसेच राहिले. हा आवाज आपल्या ओळखीचा आहे असं तिला वाटलं. आठ वर्षांमागे, साठ सालच्या संपाला, बाई निराळी असेल, पण शब्द हेच होते आणि शब्दांच्या मधल्या विसाव्याच्या जागाही ह्याच होत्या. फरक एवढाच की तेव्हा इथं जमिनीवर बाबा मांडी घालून बसले होते, आणि त्यांनी मान वर करून विचारलं होतं, “अत्यावश्यक म्हंजे का वं, सत्ये?”

ती मॅट्रिकच्या वर्गात होती तेव्हा, आणि शब्दांचे अर्थ सांगायला तिला आवडायचं. “ज्याच्याबिगर चालत नाही ते,” ती म्हणाली होती. बाबांनी तो अर्थ तोंडात घोळवून पाहिला. “म्हंजे आपण,” ते म्हणाले. “खूब हाय सरकार बी. ज्याच्याबिगर चालत नाही, त्यालेच धरून नेते.” आणि हसले. बाबा हसले की डोळ्यांच्या कडांना कोळशाची काळी रेघ दिसायची. इंजिनावरच्या फायरमनच्या डोळ्यांत ती बसते, कितीही साबण लावा, निघत नाही. गेल्या महिन्यात त्यांना शेवटची आंघोळ घातली तेव्हाही ती निघाली नाही. बायका घाईनं पाणी ओतत होत्या, आणि सत्यशीलेला त्या रेघेचे आभार मानावेसे वाटले होते. बाकी सगळं पाण्यापुढे नमलं. ती तेवढी राहिली. मग तिनं त्यांचा तळहात हातात घेतला आणि लगेच सोडून दिला. तो थंड होता. मेलेल्या माणसाचा हात थंड असणारच, हे तिनं वाचलेलं होतं, ऐकलेलं होतं. पण बाबांचा हात तिनं जन्मात कधी थंड पाहिला नव्हता. हिवाळ्यात शाळेत जाताना त्या हाताची ऊब कोपरापर्यंत चढायची.

तिनं वेणी सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली. माय उंबऱ्यात बसून होती. अंगणात त्यांची शेगडी पालथी पडलेली, तिच्यावर वाळकी पानं. तशी वाळीत टाकल्यासारखी ती बाबा गेले तेव्हापासून होती. सुतकाचं काही नव्हतं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून घरात असलं काही पाळत नव्हते. पहिले काही दिवस ओळीतून भाकरी आल्या, मग सत्यशीलेनं घासलेटचा स्टोव्ह आणला आणि चहा-भात त्याच्यावर होऊ लागला. त्याच्या वासानं मायला मळमळायचं. “शेगडी पेटव ना,” सत्यशीला म्हणायची. “पेटवतो ना,” माय म्हणायची, आणि दिवस मावळायचा. बाबा घरी असताना ह्या घरात शेगडी कधी बायकांनी पेटवलीच नव्हती. दिवसभर इंजिनात कोळसा टाकून आलेला माणूस सकाळी उठून घरच्या शेगडीपुढे उकिडवा बसायचा, वारा कुठून आहे ते ओलं बोट धरून पाहायचा, आणि माय आतून विचारायची, “झाली का गाडी तयार?” “शिट्टी मारू का?” बाबा म्हणायचे.

“उद्याचं काय करशील?” मायनं आत्ता विचारलं. बातमी तिनंही ऐकली होती.

“पाहू.”

पाहण्यासारखं फारसं नव्हतं. सत्यशीला दुर्गच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, अजून पक्की झालेली नव्हती. बाबांच्या पाठीमागे घर तिच्यावर होतं. उद्या ती बोर्डावर बसली नाही तर नोकरी जाणार, कदाचित पोलीस धरणार. आणि माय ह्या अंगणात एकटी. बसली तर नोकरी राहणार, आणि त्याबरोबर ओळीतलं एक जुनं वाक्य पुन्हा उठणार: जानरावची पोरगी, बापासारखीच. ते वाक्य खरं आहे की खोटं, हे तिला आठ वर्षांत कळलं नव्हतं. बाबांना विचारायचं राहून गेलं होतं. म्हणजे, विचारलं होतं. पण ते ज्या तऱ्हेनं उत्तर देत त्या तऱ्हेनं प्रश्न आणखी लांब जाई.

दुर्गला जाणाऱ्या बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली. रस्ता रेल्वेच्या इंजिन-शेडच्या बाजूनं जायचा. इंजिनांचा धूर आज भरभरून वर चढत होता, जणू उद्याचं काम आजच उरकायचं होतं. त्या धुराकडे पाहताना तिला साठ सालची ती संपाची सकाळ दिसू लागली. ती तिनं पाहिलेली नव्हती, पण इतक्या तोंडांतून ऐकली होती की आता तिच्या आठवणीतलाच एक भाग झाली होती. संपाच्या आदल्या पाळीला सगळी इंजिनं शेडमध्ये आली. युनियनचा टिकाराम एकेका इंजिनापाशी जाऊन सांगत होता: आग पाडा. खालच्या खड्ड्यात सगळे निखारे पाडून टाका, वर पाणी मारा. इंजिन एकदा थंड झालं की पुन्हा वाफ यायला अख्खा दिवस जातो. मग सरकारनं सैन्याची माणसं आणली तरी ती काय चालवणार? टिकाराम आणि बाबा एकाच गावचे, एकाच गाडीच्या पायरीवर लोंबकळत नागपूरला दीक्षेला गेलेले, येताना एकाच ताटात जेवलेले. बाबा संपात होतेच. त्यांनी होय म्हटलं. आणि मग आपल्या इंजिनावर चढून, रोज करायचे तेच केलं. निखारे मागच्या अंगाला ओढले, वर भिजवलेला बारीक कोळसा आणि राख थापली, खालची हवेची दारं लावली. आग झाकली, विझवली नाही. आणि उतरून संपवाल्यांत जाऊन बसले.

सकाळी पोलिसांनी सगळ्यांना गाडीत भरलं. बाबा आणि टिकाराम शेजारी शेजारी. गाडी दुर्गच्या रस्त्याला लागली तोच मागून शिट्टी ऐकू आली. प्रत्येक इंजिनाची शिट्टी वेगळी असते आणि शेडमधल्या माणसाला ती पोटच्या पोरासारखी ओळखू येते. सैन्याच्या माणसांना शेडमध्ये एकच इंजिन जिवंत सापडलं होतं, बाबांचं. राख बाजूला केली, दोन-चार फावडी कोळसा टाकला, की ते उठून बसलं. यार्डात अडकलेली कोळशाची गाडी घेऊन ते कारखान्याकडे निघालं होतं. टिकारामनं बाबांकडे पाहिलं. “जानराव,” तो म्हणाला, “तुही बाई आवाज देऊन राहिली पाय.” त्यानंतर तो बाबांशी बोलला नाही, कोठडीत नाही, सुटून आल्यावर नाही, त्याच ओळीत चार घरं सोडून राहत असताना आठ वर्षं नाही. सरकारच्या लेखी बाबा संपवाले होते. सुटल्यावरही कित्येक महिने त्यांना कामावर घेतलं नाही. संपवाल्यांच्या लेखी ते संप मोडणारे होते. दोन्हीकडून मार खाणारा माणूस बहुधा एका बाजूला तरी ओरडतो. बाबा ओरडले नाहीत. “इंजन थंडं करून कोनी घरी जाते का?” एवढंच ते म्हणत. मुद्दाम केलं का, म्हटलं तर म्हणत, “हात गेला.”

हात गेला. बोर्डापुढे बसून कानाला हेडफोन लावताना सत्यशीला हेच दोन शब्द पुन्हा म्हणाली. समोरच्या बोर्डावर कॉल आल्याची झडप पडली आणि तिचा हात तिच्याआधी गेला, जोडणीची दोरी भोकात बसली, ओठ म्हणाले, “नंबर प्लीज.” कारखान्याच्या हॉस्पिटलमधून कुणीतरी डॉक्टरांचं घर मागत होतं, आवाजात धाप. तिनं जोडून दिलं, आणि पलीकडून ‘हॅलो’ आलेलं ऐकूनच कान काढला. नियम असा की जोडून दिलं की ऐकायचं नाही. पण हॉस्पिटलची दोरी असली की ती पहिला ‘हॅलो’ ऐकून घ्यायची. उद्या ही झडप पडेल आणि आपण बाहेर रस्त्यावर उभ्या असू. हाताचं काय होईल? तो हवेत जाईल का?

“क्या सोच रही है?” शेजारच्या बोर्डावरची हिरा म्हणाली. हिरा घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलायची आणि मधेच विसरायची की ती कुठं आहे. “उद्या सुट्टी समज. मी तर जेलमध्ये जाऊन बसणार आहे, सच्ची. घरी सासूचा सत्संग आहे.”

“जेलमध्ये पोहे नसतात हं.”

“सासूच्या हातचे पोहे खाल्ले आहेस का तू?” हिरानं दोरी उपसली. “जेलचंच बरं.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तू हड़ताल में मत आना यार. तुझं वेगळं आहे. कोई कुछ नहीं बोलेगा.”

दुपारी देखरेखीच्या मोठ्या बाईंनी तिला टेबलापाशी बोलावलं. बाई चांगल्या होत्या. बाबा गेले तेव्हा स्वतः कॅम्पात येऊन मायजवळ बसून गेल्या होत्या. “उद्या ये,” त्या म्हणाल्या. “धमकी नाही देत मी. जे येतील त्यांचं आधी पक्कं होईल, एवढंच माझ्या कानावर आहे. तुझ्या घरचं मला माहीत आहे म्हणून सांगते.” सत्यशीलेला त्यांचा राग आला नाही. गंमत म्हणजे हिराचाही नाही. एक म्हणत होती कामावर ये, दुसरी म्हणत होती संपात येऊ नकोस, आणि दोघींच्या मनात तिच्या घरची चूल होती. तिला एवढं सांभाळून घेणारी माणसं कुठून आली, ह्याचं तिला एकाएकी नवल वाटलं. आणि त्याच नवलाच्या तळाशी एक अस्वस्थपणा: सगळे तुला मोकळीक देत आहेत, ठरवायचं तूच. बाबांना त्या पाळीला अशी मोकळीक कुणी दिली नव्हती. तरी त्यांनी ठरवलं. की ठरवलं नाही? हातच गेला?

परतीच्या बसमध्ये तिला मायचा हात आठवला. साठ सालचा पाऊसकाळ, बाबा दुर्गला कोठडीत. ओळीत सकाळी एक चाल होती: ज्याची शेगडी आधी पेटेल तिच्यातून बाकीच्या बायका फावडीवर इस्तो, म्हणजे पेटते निखारे, घेऊन जायच्या, म्हणजे प्रत्येकीला धुरात डोळे चोळत बसायला नको. रोज पहिली पेटायची ती फायरमनच्या घरची, त्यामुळे मायच्या शेगडीभोवती रेल्वेतल्या बायकांचा घोळका असायचा. समोरची रुक्मा, धोंडबाची बायको, त्यात नसायची. ती भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरची. तिच्याशी भांडण नव्हतं, बोलणंचालणं होतं, लोणच्याची वाटी जायची-यायची. पण इस्तो ती पलीकडच्या घरून आणायची. चुलीतली आग ही चुलीतली आग असते. मायच्या गावात पाटलाच्या घरी इस्तो मागायला गेलं की पाटलीण उंबऱ्यातून चिमट्यानं निखारा खाली मातीत टाकायची, आणि बाहेरच्या बाईनं तो आपल्या गोवरीवर उचलून घ्यायचा. मागणाऱ्याच्या भांड्याला देणाऱ्याचा चिमटा लागता कामा नये. माय हे सांगताना चिडायची नाही. पावसाचं सांगावं तसं सांगायची. मात्र भिलाईला आल्यापासून तिनं कुणाच्याही दारी इस्तो मागितला नव्हता. तिला गरज पडू नये, हे बाबा पाहत. रोज पहाटे ते शेगडीपुढे उकिडवे का बसत, त्याचं एक कारण कदाचित हेही असेल. सत्यशीलेला हे आत्ता, बसमध्ये, पहिल्यांदा सुचलं, आणि तिनं खिडकीच्या गजाला डोकं टेकलं.

तर त्या सकाळी, बाबा नसताना, मायनं कशीबशी शेगडी पेटवली. चांगली रसरसून पेटली. आणि कुणी आलं नाही. टिकाराम तेव्हा कोठडीतच होता, पण शिट्टीची गोष्ट त्याच्या आधी ओळीत येऊन पोचली होती. रेल्वेतल्या बायका फावड्या घेऊन बाहेर आल्या आणि मायच्या शेगडीला वळसा घालून पलीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. माय शेगडीजवळ बसून राहायची. निखारे लाल व्हायचे, पांढरे व्हायचे, राख व्हायचे. सत्यशीला दारात पुस्तक उघडून बसलेली, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत. मग एका सकाळी रुक्मा रस्ता ओलांडून आली. हातात फावडी. शेगडीपुढे उभी राहून म्हणाली, “गिरजाबाई, इस्तो देता का?”

माय घाईघाईनं उठली. चिमट्यानं चांगला मोठा निखारा उचलला, आणि खाली जमिनीवर ठेवून दोन पावलं मागं सरली.

सत्यशीलेनं ते पाहिलं. देणारी माय होती, आग मायची होती, आणि तरी मायचा हात गावाकडचंच करून मोकळा झाला होता, फक्त उलटं. रुक्मा जमिनीवरच्या निखाऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “खाली कावून ठेवता? माह्या फावडीत टाका ना.”

“सवय हो, बाई,” माय म्हणाली.

“माही बी सवयच होती,” रुक्मा म्हणाली, आणि फावडी पुढे धरून तशीच उभी राहिली. निखारा मातीत काळा पडला. मायनं दुसरा उचलला. चिमटा फावडीला लागून वाजला. तो आवाज ओळीत सगळ्यांनी ऐकला असणार, कारण सगळ्या आपापल्या शेगडीवर नको तितक्या वाकलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी रुक्मा पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी तिच्या मागून आणखी एक.

बाबा सुटून आले तेव्हा धोंडबा त्यांना भेटायला आला. त्याला नीट मांडून बोलता येत नसे, तरी बोलत होता. “भट्टी एकदा पेटवली का मंग तिले झोप नाही, भाऊ. थंडी पडली का आतल्या इटा तडकते, मंग ते बांधकाम पाडाच लागते. कोळसा संपत आला होता. आमी नुसते पाहून राहिलो होतो. तुमच्या इंजनानं गाडी आनली.” बाबांनी त्याला पान दिलं आणि म्हणाले, “हे उपकार माह्या नावावर नको टाकू, धोंडबा. म्या कोनासाठी केलं नाही. संप बरोबर होता आमचा.” धोंडबा गोंधळला. पण रुक्मा आठ वर्षं इस्तो न्यायला येत राहिली. तिच्या घरी मागेच घासलेटचा स्टोव्ह आला, तरी येत राहिली. सत्यशीला जगातली पुष्कळ पुस्तकं वाचून बसली होती. बरोबर कोण आणि चूक कोण ह्यावर त्यांत पानंच्या पानं होती. फावडीवर चिमटा वाजतो तो आवाज त्यांत कुठं आला नव्हता. तो आपण ऐकलेला आहे, ह्याचे आभार कुणाचे मानायचे हे मात्र तिला कळत नव्हतं. रुक्माचे मानावेत तर त्यामागे बाबांची शिट्टी होती, आणि शिट्टीचे मानावेत तर बाबाच ते घ्यायला तयार नव्हते.

दिवेलागणीला टिकाराम आला. आठ वर्षांत पहिल्यांदा. बाबांच्या मयतीला तो सगळ्यांत मागं उभा होता. त्रिशरण म्हणताना त्याचा आवाज तिनं ओळखला होता, पण खांदा द्यायला तो पुढे आला नव्हता. आता अंगणाच्या कडेला उभा राहून म्हणाला, “जयभीम, वयनी.”

“जयभीम,” माय म्हणाली. “या. बसा.” तिनं पाणी दिलं. त्यानं तांब्या उंच धरून गटागटा प्यायलं आणि तांब्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

“पोरी,” तो सत्यशीलेला म्हणाला, “तू उद्या संपात ये म्हनाले नाही आलो मी. तुह्या घरी आता तूच हाय. नाही आली तर ओळीत कोनी तोंड उघडनार नाही. मी पाहून घेईन.”

“मग कशाला आलात, काकाजी?”

 त्याची नजर पालथ्या शेगडीवर गेली आणि तिथंच राहिली. “हे थंडी कावून पडली?” त्यानं विचारलं.

माय म्हणाली, “पेटवनारा नाही राहिला.”

टिकारामनं तांब्या खाली ठेवला. “शेडची सभा झाली काल,” तो शेगडीकडे पाहूनच बोलू लागला. “ठराव झाला. उद्या एक बी इंजन आग पाडून सोडाचं नाही. सगळ्याइनं आग झाकून बाहेर याचं. साठ साली मोठ्या ताठ्यानं आग पाडली आमी. मंग ते शिपाई आले, त्याइनं घाईघाईनं पेटवले, अन् माह्या इंजनाच्या नळ्याच फुटल्या. लय दिवस पडून होतं. संप सरकारशी होता. इंजनाशी नव्हता.” तो थांबला. “ठराव म्याच मांडला.”

“अन् त्याइनं झाकलेलं चालवलं तर?” सत्यशीलेनं विचारलं.

“चालवतीन. मंग चालवू दे. आपन बाहेर बसलो का नाही, हे मोजतीन लोक.” मग जरा हसल्यासारखं करून म्हणाला, “अन् हॉस्पिटलची दोरी तुमच्याकडची. ते बी बोललो मी तुमच्या युनियनवाल्याइशी. ते हाव म्हनले. तेवढी एक डॉक्टरच्या घरी लावून ठेवाची, मंग बाहेर याचं.”

मायनं त्याचा रिकामा तांब्या उचलून घेतला. मग म्हणाली, “हे त्याइच्या कानावर घालाचं होतं, भाऊजी.”

“हाव,” टिकाराम म्हणाला. “हाव.” आणि उठला. जाताना त्यानं शेगडी पायानं नव्हे, वाकून हातानं सरळ केली, तिला चिकटलेली पानं काढून टाकली, आणि हात धोतराला पुसत निघून गेला. दोघी तो चार घरं पलीकडे जाईपर्यंत पाहत होत्या.

“माय,” सत्यशीला म्हणाली, “बाबांनी ते मुद्दाम केलं होतं का?”

“मले नाही मालूम.”

“तू विचारलं नाहीस?”

“विचारलं. हात गेला म्हने.” माय शेगडीकडे पाहत होती. “माहा बी हात गेला होता वं तवा, रुक्मा आली तवा. इस्तो खाली ठेवला म्या. तुह्या बाबाचा हात कोनी धरला नाही, बरं झालं. माहा रुक्मानं धरला, ते बी बरं झालं.” आणि मग, काहीच बोललो नाही अशा आवाजात, “भाताले उशीर होऊन राहिला.”

सकाळी धोंडबाचा रेडिओ लागला नाही. सत्यशीला उठली तेव्हा माय खोलीत नव्हती. कोपऱ्यातली फावडीही नव्हती. ती दाराशी आली. माय रस्त्याच्या मधोमध होती, लुगड्याचा पदर खोचलेला, फावडी पुढे धरलेली. एवढासा तो रस्ता. रुक्मा तो आठ वर्षं रोज ओलांडत होती. माय रुक्माच्या उंबऱ्यापासून थोडी अलीकडे थांबली, जिथून निखारा खाली टाकला तरी अंगावर ठिणगी येणार नाही इतक्या अंतरावर. तिला ते अंतर कुणी शिकवलेलं नव्हतं. सत्यशीलेनं दाराची चौकट धरली.

“रुक्मा,” माय म्हणाली, “इस्तो देशील का?”

आत स्टोव्ह होता, आणि तरी रुक्माच्या अंगणात शेगडी पेटलेली होती, चांगली लाल झालेली, जवळ कुणीच नाही, वर भांडं नाही. कुणासाठी म्हणून ती पेटवली होती? रुक्मा बाहेर आली. “या ना जवळ, गिरजाबाई,” ती म्हणाली. “तेथून का भिकाऱ्यावानी हात करून राहिल्या? केव्हाचा पेटवून बसलो तुमच्यासाठी. मले वाटलं, येता का नाही.” माय पुढे गेली. रुक्मानं चिमट्यानं निखारे निवडले, एक टाकला, मन भरलं नाही म्हणून दुसरा टाकला. चिमटा फावडीला लागून वाजला. मग तिनं मुठीनं राख घेऊन वरून पसरली. “झाकून न्या,” ती म्हणाली. “वारा हाय.”

माय परत आली ती सावकाश, दोन्ही हातांनी फावडी धरून, दिवा आणावा तशी. शेगडीपुढे ती उकिडवी बसली. बोट ओलं करून वर धरलं आणि वारा पाहिला. तिनं हे कधी केलेलं सत्यशीलेनं पाहिलं नव्हतं. पण आतून पाहिलं असणार मायनं, रोज. धूर आला, खोकला आला, आणि कोळशाच्या कडेला लाल रेघ धरली. चहा झाला. घासलेटचा वास नसलेला चहा. सत्यशीलेनं कप दोन्ही तळहातांत धरला आणि ऊब कोपरापर्यंत चढू दिली.

“मी बोर्डावर बसणार नाही आज,” ती म्हणाली. “हॉस्पिटलची दोरी लावून बाहेर येईन.”

“म्या पुसलं का तुले?” माय म्हणाली. तिनं मुलीच्या पदराची निरी नीट केली, जरा जास्त वेळ. “पोलीस नेतीन का?”

“नेतील कदाचित. नोकरीचं सांगता येत नाही.”

“बरं.” मायनं वाडग्यातली राख घेतली, आणि निखारे मागच्या अंगाला ओढून त्यांच्यावर थापली, एक थर, मग हलक्या हातानं दुसरा. “सांजेला ये, नाही तर परवा ये. मी आग पाडत नाही.”

बस शेडच्या बाजूनं गेली. एकही शिट्टी नव्हती. बाहेरच्या भिंतीला लागून संपवाले बसले होते, त्यांच्यापुढे काठ्या घेऊन पोलीस, आणि एका टोकाला टिकाराम, डोक्याला टॉवेल बांधून, मांडी घालून. आत इंजिनं रांगेनं उभी होती आणि एकूण एक इंजिनाच्या धुराड्यातून धुराची बारीक रेघ सरळ वर निघत होती. सत्यशीला ती रांग मागं पडेपर्यंत पाहत राहिली. तिला बाबांच्या डोळ्यांच्या कडेची ती काळी रेघ आठवली, पाण्यानं न निघालेली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले.